वाचकांचे प्रश्न : ‘खासगीपणा’चे कारण आणि बंद दारे

गेल्या अंकात आम्ही युरोपच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टबद्दल थोडक्यात लिहिले होते. मोठ्या टेक कंपन्यांनी आपली अ‍ॅप आणि उपकरणे इतरांच्या अ‍ॅपशी, उपकरणांशी जुळू द्यावीत, असे हा कायदा सांगतो. इंग्रजीतून आलेला शब्द इंटरऑपरेबिलिटी. आम्ही त्याला साधे ‘जोडणी’ म्हणू. या जोडणीला कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते : ग्राहकांचा खासगीपणा धोक्यात येईल. सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख याच उत्तरावर आहे, म्हणून या वेळी हा एकच विषय.

प्रश्न : माझा चादरी आणि टॉवेलचा घाऊक व्यापार आहे. हैदराबाद, हुबळी, इंदूरची गिऱ्हाइके, सगळ्यांचे नमुने आणि ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर. युरोपात आता दुसऱ्या अ‍ॅपवरून व्हॉट्सअ‍ॅपला मेसेज पाठवता येतो म्हणे. पण अशाने मेसेज उघडे पडतात असेही ऐकतो. खरे काय, आणि आपल्याकडे हे कधी येणार?
– एक व्यापारी, अशोक चौक

उत्तर : ऐकले ते खरे आहे, पण युरोपापुरते. हा कायदा 1 नोव्हेंबर 2022 रोजी अमलात आला आणि 6 सप्टेंबर 2023 ला सहा कंपन्यांना ‘गेटकीपर’ ठरवले गेले : अल्फाबेट (म्हणजे गूगल), अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, बाइटडान्स, मेटा (फेसबुक, मेसेंजर आणि व्हॉट्सअ‍ॅपची मालक) आणि मायक्रोसॉफ्ट. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस ही नावे रोज तोंडी असणाऱ्यांना गेटकीपर वेगळा समजावून सांगायला नको. वेशीवर बसलेला तो. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यासमोरूनच जावे लागते. युरोपात महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते, वर्षाला 10,000 व्यावसायिक वापरकर्ते, आणि 750 कोटी युरोंची उलाढाल किंवा 7,500 कोटी युरोंचे बाजारमूल्य, असा या वेशीचा ढोबळ निकष आहे.

मेसेजिंगचे कलम सातवे. ते व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजर यांना लागू आहे. दुसऱ्या कंपनीने रीतसर मागणी केली की जोडणी द्यावी लागते. सुरुवात दोन व्यक्तींमधल्या मजकुरापासून, फोटो, आवाजी मेसेज, व्हिडिओ आणि फाइलींपासून. ग्रुपसाठी दोन वर्षांची आणि कॉलसाठी चार वर्षांची मुदत आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने बर्डीचॅट आणि हायकेट या दोन अ‍ॅपबरोबरची जोडणी युरोपात खुली करत असल्याचे जाहीर केले. ती आपोआप चालू होत नाही. ज्याला हवी त्याने स्वतः चालू करायची. भारतातल्या क्रमांकांना ही सोय नाही.

आता मेसेज उघडे पडण्याचे. जोडणीनंतरही एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर फक्त दोन्ही टोकांना वाचता येईल अशा कुलूपबंदीची, पातळी आहे तेवढीच राहिली पाहिजे, असे तेच सातवे कलम बजावते. व्हॉट्सअ‍ॅप त्यासाठी सिग्नल प्रोटोकॉल नावाची पद्धत वापरते. समोरच्या अ‍ॅपनेही तो वापरायचा, नाहीतर आपली पद्धत तितकीच भक्कम असल्याचे दाखवायचे. त्यामुळे ‘जोडणी म्हणजे कुलूप काढणे’ हे म्हणणे चूक आहे.

काही धोके मात्र खरे आहेत आणि ते लपवणे बरोबर नाही. पहिला ओळखीचा. समोरच्या अ‍ॅपवरची व्यक्ती तीच आहे, याची हमी आता ती दुसरी कंपनी देणार. दुसरा, मेसेज तिकडे उघडल्यानंतरचा. ते अ‍ॅप बॅकअप कुठे ठेवते, जाहिरातीसाठी काय वाचते, यावर व्हॉट्सअ‍ॅपचा ताबा नाही. तिसरा, कोण कोणाशी कधी बोलले ही नोंद आता दोन कंपन्यांकडे जाते. सिग्नल आणि थ्रीमा या अ‍ॅपनी अशी जोडणी स्वतःहून नाकारली, त्यामागे ही शेवटची दोन कारणे आहेत, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. कारण हे कडक नियम ते आधी स्वतःला लावतात. जी कंपनी तीच नोंद स्वतः ठेवते, तिच्या तोंडी हे कारण आले तर त्याचे वजन तेवढे उरत नाही.

जोडणी नसण्याची किंमत काय असते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली ती अडीच फुटी रुळांवर. कुर्डुवाडीला आलेला माल ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा हमालांकरवी चढवावा लागे. रूळ वेगळे म्हणून बार्शीचा माल जास्त सुरक्षित होता, असे कोणी म्हटले नाही.

भारतात मेसेजिंगच्या जोडणीची सक्ती करणारा कायदा नाही. मोठ्या डिजिटल कंपन्यांसाठीच्या स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, कायदा झालेला नाही. तोवर तुम्ही एवढे करा : ऑर्डरींची नोंद फक्त चॅटमध्ये ठेवू नका. मोठ्या गिऱ्हाइकाची चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, ‘अधिक’, ‘चॅट एक्सपोर्ट करा’, आणि ‘मीडियाशिवाय’ निवडून ती स्वतःच्या मेलवर पाठवा. मीडिया घेतला तर फाइल जड होते आणि जुने मेसेज गळतात. एक्सपोर्टचा पर्याय चालत नसेल तर दोघांपैकी कोणीतरी ‘प्रगत चॅट गोपनीयता’ चालू केलेली असते. ती बंद केली की एक्सपोर्ट होते. आणि नमुन्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, डिझाइन क्रमांकाच्या नावाने.

प्रश्न : चॅटवर ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ असे लिहून येते. म्हणजे कंपनीला माझ्याबद्दल काहीच कळत नाही, असे समजायचे का?
– निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. मेसेजमध्ये काय लिहिले ते कंपनीला वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने हे एप्रिल 2016 मध्ये सर्वांसाठी पूर्ण केले आणि ते खरे आहे. पण पाकिटातले पत्र वाचता येत नसले, तरी पाकिटावरचा पत्ता दिसतोच. तुम्ही कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, फोन कोणता, कोणत्या आयपी (इंटरनेटवरच्या) पत्त्यावरून आलात, तुमच्या फोनच्या वहीत कोणाकोणाचे क्रमांक आहेत, हे पाकिटावरचे. अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात. रात्री दोन वाजता कोणी हृदयरोगाच्या दवाखान्याला लागोपाठ चार मेसेज केले, तर आत काय लिहिले होते हे वाचायची गरज राहत नाही.

आतला मजकूरही चार वाटांनी बाहेर जाऊ शकतो, आणि या वाटा आपल्याच हाताने उघडल्या जातात. कोणी चॅटची तक्रार केली, तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. चॅटमध्ये मेटा एआयला काही विचारले, तर तो प्रश्न मेटा वाचते. व्यवसायांशी केलेल्या चॅट तो व्यवसाय ज्या सेवेमार्फत सांभाळतो, तिथे उघडतात. आणि सर्वांत मोठी वाट बॅकअपची.

अँड्रॉइडवर बॅकअप गूगलकडे जातो, आयफोनवर आयक्लाउडमध्ये. हा बॅकअप मुळात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो. तसा करण्याची सोय ऑक्टोबर 2021 पासून आहे, पण ती तुम्हाला चालू करावी लागते : सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप, चालू करा. पुढे पासवर्ड ठरवायचा किंवा 64 अक्षरांकांची किल्ली घ्यायची. पासवर्ड घेतलात तर तो घरच्या वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नव्हे. फोन हरवला आणि पासवर्डही आठवत नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. असे कुलूप खरे असण्याची हीच खूण. आयफोन असेल तर आणखी एक पाहा. संपूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल तर व्हॉट्सअ‍ॅपची एक साधी प्रत त्यातून जाऊ शकते. आयक्लाउड बॅकअपच्या यादीत जाऊन तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे बटण बंद करा. आणि तुमचा बॅकअप कुलूपबंद असला तरी समोरच्याचा नसेल, तर तीच चॅट त्याच्याकडून उघडी राहते. म्हणून बहीणभावंडांच्या ग्रुपवर ही पायरी सगळ्यांनाच सांगा.

समोरची व्यक्ती खरोखर तीच आहे का, हे तपासायचे असेल तर तिच्या नावावर टॅप करून ‘एन्क्रिप्शन’ उघडा. तिथला 60 अंकी क्रमांक दोघांच्या फोनवर सारखा दिसला पाहिजे. बँकेचे व्यवहार ज्यांच्याशी बोलता, त्यांच्याबाबतीत हे एकदा कराच.

‘माहिती सुरक्षित आहे’ आणि ‘माहिती वापरली जात नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या 2021 च्या नव्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213 कोटी 14 लाख रुपयांचा दंड केला. एन्क्रिप्शन तुटल्याचा आरोप त्यात नव्हता. वापरकर्त्याला ‘मान्य करा नाहीतर सोडा’ अशा पेचात धरून माहिती मेटाच्या इतर कंपन्यांकडे नेली जाते, यावर तो होता. जाहिरातीसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर 2025 मध्ये उठवली, दंड मात्र कायम ठेवला.

प्रश्न : नवी पेठेत एका दुकानात एका कंपनीचा क्यूआर, शेजारच्या दुकानात दुसऱ्याच कंपनीचा. माझ्याकडे एकच अ‍ॅप आहे, तरी दोन्हीकडे पैसे जातात. मग यात माझी माहिती किती जणांकडे जाते?
– एक गृहिणी, भवानी पेठ

उत्तर : तुमच्या प्रश्नात या अंकाचे अर्धे उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेने 22 ऑक्टोबर 2020 च्या परिपत्रकात सांगितले की, फक्त आपल्याच अ‍ॅपला चालेल असा क्यूआर नव्याने काढायचा नाही, आणि जुने असे क्यूआर 31 मार्च 2022 पर्यंत सर्वांना चालतील असे करायचे. नियम आला म्हणून जोडणी आली. कंपन्या मोठ्या मनाने एकत्र आल्या नाहीत.

त्या काळ्यापांढऱ्या चौकोनात असते ती एक साधी ओळ. सुरुवातीला यूपीआयचा शब्द, मग ‘पीए’ म्हणजे दुकानाचा यूपीआय पत्ता, ‘पीएन’ म्हणजे नाव, कधी ‘एमसी’ म्हणजे कोणत्या प्रकारचे दुकान त्याचा आकडा, कधी रक्कम. कोणत्याही अ‍ॅपला ती वाचता येते. भोवतीचा रंग आणि बोधचिन्ह ही फक्त छपाई.

व्यवहाराची माहिती जाते ती तुमचे अ‍ॅप, त्या अ‍ॅपची बँक, तुमची बँक, यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि दुकानाच्या बाजूची बँक व अ‍ॅप यांच्याकडे. दुकानदाराला तुमचे नाव आणि बहुधा यूपीआय पत्ता दिसतो. खरी गळती इथे आहे : तुमचा पत्ता मोबाइल क्रमांकापासून सुरू होत असेल, तर प्रत्येक दुकानात क्रमांक देऊन आल्यासारखे होते. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये यूपीआय आयडीच्या भागात जाऊन क्रमांक नसलेला दुसरा पत्ता तयार करा आणि तो मुख्य म्हणून ठेवा. आणि पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारे नाव वाचा. जून 2025 अखेरपासून तिथे बँकेच्या नोंदीतलेच नाव दाखवायचे बंधन अ‍ॅपवर आहे. क्यूआरवर दुसरा कागद चिकटवणारे भामटे या एका नजरेत सापडतात. नाव मालकाचे आणि पाटी दुकानाची असेल तर विचारून घ्या, त्यात संकोच कसला.

प्रश्न : अ‍ॅपल म्हणते की दुसऱ्या कंपन्यांच्या घड्याळांना आयफोन मोकळा केला तर नोटिफिकेशन आणि वायफायची माहिती बाहेर जाईल. हा बहाणा की खरी भीती? आम्ही मित्र यावर भांडतो.
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : दोन्ही, आणि वेगवेगळ्या प्रमाणात. आधी भांडणाचा विषय नीट मांडू. 19 मार्च 2025 रोजी युरोपीय आयोगाने अ‍ॅपलला आयफोनची जोडणीची नऊ वैशिष्ट्ये इतरांच्या घड्याळांना, हेडफोनना आणि अशा उपकरणांना खुली करण्याची रीत ठरवून दिली. अ‍ॅपलने त्याआधी, डिसेंबर 2024 मध्ये, मेटाने पंधरा मागण्या केल्या असून त्या सगळ्या मान्य केल्या तर मेटाला फोनमधले मेसेज आणि ईमेल वाचता येतील, असे म्हटले होते. अ‍ॅपल खासगीपणाची ढाल पुढे करते, असे मेटाचे उत्तर. कोणाच्या बोलण्यावर जायचे नसेल तर वस्तू समोर ठेवून बघा.

नोटिफिकेशनपासून सुरुवात करू. तुमच्या वर्गात आयफोनबरोबर भारतीय कंपनीचे दोनतीन हजारांचे घड्याळ वापरणारा कोणीतरी असेल. त्याच्या मनगटावर मेसेज आजही दिसतो. आयफोनची नोटिफिकेशन ब्लूटूथवरून, मालकाची परवानगी घेऊन, दुसऱ्याच्या घड्याळाकडे जाण्याची सोय अ‍ॅपलनेच कित्येक वर्षांपासून ठेवली आहे. त्या घड्याळावरून उत्तर मात्र पाठवता येत नाही. अ‍ॅपल वॉचवरून येते. तेव्हा ‘नोटिफिकेशन बाहेर जाते’ ही अडचण असती, तर पहिली वाटही बंद असती. इथे खासगीपणाचे कारण आम्हाला पोकळ वाटते.

वायफायचे तसे नाही. तुमचा फोन आजवर ज्या ज्या वायफायला जोडला गेला त्या नावांची यादी म्हणजे तुमच्या हालचालींची डायरी असते : अमुक हॉस्पिटल, तमुक लॉज, वकिलाचे ऑफिस, मैत्रिणीचे घर. ही यादी एखाद्या जाहिरात कंपनीच्या हाती पूर्ण गेली तर नुकसान खरे आहे. पण घड्याळाला घरच्या वायफायला जोडायला पूर्ण यादी लागत नाही. मालकाने दाखवलेल्या एका नेटवर्कचा पासवर्ड, तोही एन्क्रिप्ट करून, एवढे पुरते. म्हणजे भीती खरी, पण दार पूर्ण बंद ठेवणे हे तिच्यावरचे एकमेव उत्तर नाही.

खासगीपणाचा दावा ऐकला की आम्ही तीन गोष्टी पाहतो. तोच नियम कंपनी स्वतःच्या उत्पादनाला लावते का, हे पहिले. एप्रिल 2021 मध्ये आयओएस 14.5 या आयफोनच्या प्रणालीबरोबर अ‍ॅपलने इतर अ‍ॅपना ‘ट्रॅक करू का?’ असे विचारायला लावले. वापरकर्त्यांसाठी ते चांगले झाले, यात शंका नाही. पण स्वतःच्या जाहिरातींसाठीची परवानगी अ‍ॅपल वेगळ्या आणि सोप्या रीतीने घेत होते. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने 31 मार्च 2025 रोजी 15 कोटी युरोंचा दंड केला तो त्या सोयीच्या हेतूवर नव्हे, राबवण्याच्या या पद्धतीवर. दुसरे, त्याहून अरुंद उपाय होता का? वायफायचे उदाहरण वर आलेच. आणि तिसरे, बंद दाराने पैसा कोणाकडे वळतो? अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल हे मूळ सर्च इंजिन ठेवण्यासाठी गूगलने अ‍ॅपलला एकट्या 2022 या वर्षात सुमारे 2,000 कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. खासगीपणा विकणारी कंपनी आपल्या ग्राहकांचे शोध जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीकडे वळवते, तेव्हा तो दावा पूर्ण मानता येत नाही.

अ‍ॅपलची भीती खरी मानणाऱ्या तुमच्या मित्राच्या बाजूचेही एक सांगायला हवे. दार बेफिकिरीने उघडले की काय होते ते केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात दिसले. फेसबुकने बाहेरच्या अ‍ॅपना एकेकाळी वापरकर्त्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती घेऊ दिली, आणि एका प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपमधून 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली. दोष जोडणीच्या आकाराचा होता : ज्यांनी होकार दिलाच नव्हता, त्यांचीही माहिती त्या दारातून जात होती.

प्रश्न : अ‍ॅप स्टोअरमध्ये ‘माहिती गोळा केली जात नाही’ असे लिहिलेले असते. विश्वास ठेवावा?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ती माहिती अ‍ॅप बनवणारा स्वतः भरतो, अ‍ॅपलच्या दुकानातही आणि गूगलच्याही. हमी म्हणून नव्हे, जबाब म्हणून वाचा. टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्कयादी हवी असेल तर जबाब काहीही असो, ते काढून टाका.

प्रश्न : लूमसाठी कर्ज काढतोय. एका कंपनीचा माणूस म्हणतो, नेटबँकिंगचा पासवर्ड टाका, आम्ही स्टेटमेंट काढून घेतो. दुसरा म्हणतो, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप करा. तिसऱ्याने ‘अकाउंट अ‍ॅग्रीगेटर’ सुचवले. कोणते बरे?
– यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : पासवर्ड कोणालाही नाही, आणि असे मागणाऱ्याकडून कर्जही नाही. पीडीएफ एकदा गेली की कोणाच्या फोनमध्ये किती वर्षे राहील, सांगता येत नाही. तिसरा मार्ग चांगला आहे. जोडणी आणि खासगीपणा एकत्र नांदू शकतात, याचे आम्हाला ठाऊक असलेले सर्वांत नेटके भारतीय उदाहरण हेच आहे.

रिझर्व्ह बँकेने याचे नियम 2016 मध्ये केले आणि 2 सप्टेंबर 2021 ला आठ बँकांसह ही व्यवस्था सुरू झाली. अ‍ॅग्रीगेटर हा फक्त निरोप्या. तुमच्या बँकेतून माहिती एन्क्रिप्ट होऊन निघते, कर्ज देणाऱ्याकडे उघडते, मधल्या अ‍ॅग्रीगेटरला ती वाचता येत नाही आणि साठवताही येत नाही.

करायचे असे. कर्ज देणाऱ्याच्या अ‍ॅपवरून अ‍ॅग्रीगेटरचे पान उघडेल. बँकेत नोंदलेला मोबाइल क्रमांक द्या, ओटीपी टाका, खाती शोधू द्या, हवे तेच खाते निवडा, बँकेकडून आलेला दुसरा ओटीपी टाका. मग संमतीचे पान येते, आणि घाई सगळे इथेच करतात. त्यावर पाच गोष्टी लिहिलेल्या असतात : कोणती माहिती, कशासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची, किती वेळा घेणार, आणि त्यांच्याकडे किती दिवस राहणार. एका कर्जाच्या छाननीसाठी बारा महिन्यांचे स्टेटमेंट एकदा, हे रास्त. ‘रोज, पाच वर्षे’ असे दिसले तर नाकारा आणि कारण विचारा. कर्जफेडीच्या काळात लक्ष ठेवण्यासाठी वारंवार माहिती मागितली जाऊ शकते; ती मासिक असली तर समजण्यासारखी आहे.

अडते कुठे? बँकेतला क्रमांक जुना असतो, मग खाते सापडतच नाही. आधी शाखेत जाऊन क्रमांक बदला. संयुक्त खाती आणि भागीदारी फर्मची खाती बऱ्याचदा यादीत येत नाहीत. खाते ज्या सहकारी बँकेत आहे ती या जाळ्यात नसेल तर पीडीएफशिवाय इलाज नाही. अशा वेळी पीडीएफ शाखेतून शिक्का मारून घ्या, कंपनीच्या अधिकृत पोर्टलवरच चढवा, एजंटाच्या फोनवर नको. कर्ज नाकारले गेले किंवा फिटले, की अ‍ॅग्रीगेटरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन संमती रद्द करा. त्याने पुढची मागणी थांबते. आधी नेलेली माहिती संमतीत लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्यांच्याकडे राहू शकते.

प्रश्न : लग्नाचे आणि गड्डा यात्रेचे माझे सगळे फोटो गूगल फोटोजमध्ये आहेत. 15 जीबी भरले. काढून हार्ड डिस्कवर घेतले तर तारखा गोंधळतात, असे का?
– एक छायाचित्रकार, सात रस्ता

उत्तर : आपला माल आपल्याला परत मिळणे हीसुद्धा जोडणीच, आणि ती अर्धवट दिली की असे होते. गूगल टेकआउटमधून (आपली माहिती उतरवून घेण्याच्या गूगलच्या सोयीतून) फोटो घेता तेव्हा तुम्ही गूगल फोटोजमध्ये नंतर दुरुस्त केलेली तारीख, ठिकाण आणि मथळा फोटोच्या आत लिहिले जात नाहीत. शेजारी जेएसओएन नावाच्या छोट्या फाइलीत येतात. डिस्कवर घेतलेल्या फोटोंना मग उतरवून घेतल्याची तारीख चिकटते. कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली तारीख शाबूत असते, म्हणून फाइलची तारीख न पाहता ‘काढल्याची तारीख’ पाहून क्रम लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत ती नसतेच. त्यांच्यासाठी जेएसओएन फाइली जपून ठेवा आणि एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने त्यातली तारीख फोटोत उतरवा.

टेकआउट करताना आधी ‘सर्व निवड काढा’, मग फक्त फोटोज. एका वेळी एका वर्षाचे अल्बम घ्या. फाइलचा आकार मुळात 2 जीबी असतो. नेट चांगले असेल तर 10 जीबी निवडा, म्हणजे तुकडे कमी होतात. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उलगडा, नाहीतर फोटो एका तुकड्यात आणि त्याची जेएसओएन दुसऱ्यात राहते. उतरवण्याची लिंक साधारण आठवडाभर चालते. डिस्कवरचे शंभरेक फोटो उघडून बघेपर्यंत गूगलवरचे काही पुसू नका.

प्रश्न : मोबाइल नंबर पोर्ट करता येतो, तशी माझी सगळी माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचा हक्क भारतात आहे का?
– वकिलीचा विद्यार्थी, रेल्वे लाइन्स

उत्तर : नाही. माहिती संरक्षण विधेयकाच्या 2019 च्या मसुद्यात असा हक्क होता. 2023 मध्ये झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात तो राहिला नाही. आमच्या मते ही या कायद्यातली मोठी उणीव आहे, कारण माहिती पुसून घेण्याचा हक्क असूनही ती बरोबर नेता येत नसेल तर माणूस पुसायला धजत नाही.

जे मिळाले ते असे : कंपनीकडे तुमची कोणती माहिती आहे आणि ती कोणाला दिली याचा गोषवारा मागणे, चूक दुरुस्त करून घेणे, पुसून घेणे, संमती मागे घेणे. संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे कायदा म्हणतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण हे हक्क बजावता येतील अशी मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे.

नंबर पोर्ट करण्याची सोय देशभर 20 जानेवारी 2011 ला आली. 1900 वर ‘पोर्ट’ आणि आपला क्रमांक पाठवायचा, आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. नंबर नवीन कंपनीकडे जातो. जुन्या कंपनीच्या अ‍ॅपमधला तुमचा बिलांचा इतिहास मात्र तिथेच राहतो, म्हणून पोर्टचा मेसेज टाकण्याआधी तो उतरवून घ्या.